नक्षीमागचे नियम

सुरत हे शहर आकारांवर जगते. साडीचा काठ, ड्रेस मटेरियलवरची बुट्टी, एम्ब्रॉयडरीची जाळी, जरीची किनार, हिऱ्याचा पैलू... इथल्या कारखान्यांतून रोज बाहेर पडणाऱ्या मालाची किंमत बऱ्याच अंशी त्याच्यावरच्या आकाराने ठरते. कापड तेच, सूत तेच, रंगही तेच. नमुना चालला तर मिल रात्रपाळी करते, नाही चालला तर गोदाम भरून राहते. ज्याच्यावर इतके अवलंबून आहे तो नमुना घडतो कसा, याची नोंद ठेवण्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. डिझायनरच्या संगणकात तयार चित्रे असतात, कारागिराच्या हातात सवय असते. चित्र जपले जाते. ते कोणत्या नियमांनी उभे राहिले हे मात्र माणसाबरोबर जाते.

हे नियम लिहून ठेवता येतात, संगणकाला देता येतात आणि त्यांतून नवे, तरीही त्याच घराण्यातले नमुने काढता येतात, हे दाखवणारी एक विद्याशाखा गेली पन्नासहून अधिक वर्षे वाढते आहे. तिला आकार-व्याकरण म्हणता येईल. सुरतेने, आणि सुरतेशी जर, सूत व श्रम यांनी बांधलेल्या महाराष्ट्रानेही, ती मनावर घ्यायला हवी असे आमचे मत आहे. मात्र त्याला एक अट आहे. नियम लिहिताना त्यामागचे कारण आणि तो ज्या हातांनी घडवला त्यांचे नाव, या दोन्ही गोष्टी सोबत लिहिल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर नक्कल करण्याचे आणखी एक वेगवान साधन एवढाच त्याचा उपयोग होईल.

आकार-व्याकरणाची मूळ कल्पना ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणालाही चटकन कळेल. आधी ठिपके मांडायचे, मग ठरलेल्या रीतीने ते जोडायचे. पाच ते पाच ठिपक्यांवर एक रीत बसली की तीच रीत अकरा ते अकरावरही चालते. रांगोळी मोठी होते, पण तिची ओळख बदलत नाही. व्याकरणातही तीन गोष्टी असतात: सुरुवातीचा आकार, नियमांचा संच आणि थांबण्याची अट. प्रत्येक नियम सांगतो की अमुक आकार दिसला तर त्याच्या जागी तमुक आकार ठेवा. समजा, सुरुवात एका चौकोनापासून केली आणि नियम एकच दिला: चौकोन दिसला की त्याच्या चार बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत दुसरा चौकोन काढा. नियम पुन्हा पुन्हा लावत गेलो की आत आत जाणारी नक्षी तयार होते. त्यात ‘चौकोन दिसला की त्याचा कर्ण काढा’ असा दुसरा नियम मिसळला की त्याच सुरुवातीतून वेगवेगळ्या वाटा फुटतात. कोणता नियम कधी लावायचा, एवढ्याच निवडीतून शेकडो नमुने निघतात आणि तरी ते एकाच कुळातले दिसतात.

जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स यांनी ही कल्पना १९७१ साली युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संगणक परिषदेत मांडली. त्यांचे पहिले उदाहरण चित्रकला व शिल्पकलेचे होते. पुढे स्टायनी यांनी १९७७ मध्ये चिनी खिडक्यांच्या जाळ्यांचे व्याकरण लिहिले, १९७८ मध्ये विल्यम मिचेल यांच्यासह इटालियन वास्तुकार पलादिओ याच्या हवेल्यांच्या आराखड्यांचे, आणि १९८० मध्ये त्याच जोडीने मुघल बागांचे. चारबागेचा आराखडा कसा विभागत जातो, कालवे कुठे येतात, कोणत्या टप्प्यावर विभागणी थांबते हे त्यांनी नियमांत मांडले.

हा सगळा विचार पश्चिमेतच झाला असे मात्र नाही. त्याच दशकात, १९७४ साली, मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी तमिळ अंगणातल्या कोलमचे औपचारिक व्याकरण मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात अंगणातली कला गणिताच्या रूपात दाखल झाली. त्या काळात आपल्याकडे संगणक किती थोडे होते हे लक्षात घेतले तर त्या कामाचे मोल अधिकच जाणवते. सुरतेला आणि महाराष्ट्राला हा वारसा परका नाही. तो पुढे नेण्याचे काम तेवढे राहिले आहे.

सुरतेच्या स्वतःच्या वारशातच आकार-व्याकरणाचे एक अस्सल उदाहरण आहे: सादेली. लाकडी पेट्या, फ्रेमा, फर्निचर यांवर बसवली जाणारी ही बारीक भौमितिक जडावाची कला. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत दीर्घकाळ काम केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात ही कला इराणातील शिराझहून सिंधमध्ये आणि तेथून सुरत-मुंबईकडे आल्याचे नोंदवले आहे. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने विलायतेपर्यंत गेल्या. आज ही कला सुरतेत अगदी मोजक्या हातांत उरली आहे.

सादेलीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात चित्र काढलेच जात नाही. लाकूड, हाड, कथील यांच्या बारीक लांब काड्या तासल्या जातात. काहींचा छेद त्रिकोणी, काहींचा चौकोनी, काहींचा समभुज चौकटीचा. पूर्वी हस्तिदंतही वापरत. त्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर त्याची जागा दुसऱ्या साहित्याने घेतली. या काड्या ठरलेल्या क्रमाने एकमेकींना चिकटवून त्यांचा जुडगा बांधतात. तो घट्ट वाळला की आडव्या करवतीने त्याच्या पातळ चकत्या काढतात. प्रत्येक चकतीवर तेच फूल, तोच तारा उमटतो. मग या चकत्या शेजारी शेजारी बसवून पेटीचे झाकण भरतात. म्हणजे कारागीर एक नक्षी करत नाही. तो नक्षी देणारा नियम आधी तीन मितींत बांधतो आणि मग तो नियम हवा तितक्या वेळा कापून घेतो.

या रीतीत किती शक्यता दडलेल्या असतात ते साध्या हिशेबाने पाहता येते. सहा त्रिकोणी काड्या एकत्र आणून एक षटकोन बांधायचा आणि प्रत्येक काडी पांढरी किंवा काळी, एवढाच पर्याय ठेवायचा. फिरवून एकसारखे होणारे नमुने एकच धरले तर १४ वेगळे षटकोन मिळतात. पांढऱ्या-काळ्यात हिरवा रंग मिसळला की तीच संख्या १३० होते. आणि हा फक्त एका षटकोनाचा हिशेब झाला. दोन षटकोन शेजारी ठेवायचे, त्यांच्याभोवती तारा बांधायचा, कडेला पट्टी द्यायची असे करत गेलो तर संख्या मोजण्यापलीकडे जाते.

संगणक हे १३० नमुने क्षणात काढून देईल. पण सादेलीच्या कारागिराने त्यांतले मोजकेच का वापरले, हा खरा प्रश्न आहे. काही नमुन्यांत दोन काळ्या काड्या शेजारी आल्या की लांबून डाग दिसतो. कथिलाची पट्टी फार बारीक केली की करवतीखाली ती मुडपते. काही रचना एकेकट्या छान दिसतात, पण शेजारी शेजारी बसवल्या की सांध्यावर डोळा अडखळतो. अशा बारकाव्यांचे ज्ञान नियमाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोलाचे आहे. ते फक्त कारागिराला विचारूनच मिळू शकते. व्याकरण लिहिणाऱ्याने ‘काय करता येते’ एवढेच लिहिले आणि ‘काय करत नाहीत आणि का’ हे सोडले, तर हाती येणारे पुस्तक अर्धेच असेल.

आकार-व्याकरणाचा एक गुण इथे सांगायला हवा, कारण तो सादेलीत डोळ्यांना दिसतो. त्रिकोणांतून षटकोन बांधला, षटकोन शेजारी ठेवले, की मध्येच कोणी न काढलेला तारा दिसू लागतो. माणसाचा डोळा तो तारा पकडतो आणि पुढचा विचार ताऱ्यापासून सुरू करतो. संगणकाच्या नोंदीत मात्र तारा नसतोच. तिथे फक्त त्रिकोणांची यादी असते. स्टायनी यांच्या विचारात या ‘उगवणाऱ्या’ आकारांना मध्यवर्ती स्थान आहे, आणि ते यंत्राला ओळखता यावेत यासाठी फार खटाटोप करावा लागला. रमेश कृष्णमूर्ती यांनी १९८० च्या सुमारास आकारांच्या अंकगणितावर केलेले काम या बाबतीत पायाभूत मानले जाते. कारागीर काम करता करता नवे पाहतो आणि वाट बदलतो. यंत्राला तेच शिकवायला संशोधकांची वर्षे खर्ची पडली. हाताच्या कामाला ‘अडाणी’ समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सुरतेचा दुसरा मोठा उद्योग हिऱ्याचा. इथेही व्याकरणच आहे, फक्त ते घासण्याच्या चाकावर लिहिले जाते. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. सुरुवात वरच्या सपाट टेबलापासून होते. मग वर चार आणि खाली चार मुख्य पैलू पडतात. प्रत्येक दोहोंच्या मध्ये आणखी एक घालून ते वर आठ, खाली आठ होतात. टेबल धरून हे १७ झाले. त्यानंतर टेबलाभोवती ८ तारा-पैलू, कंबरेच्या वर १६ आणि खाली १६ असे आणखी ४० पैलू पडतात. क्रम मोडला तर समतोल बिघडतो आणि एकदा घासलेला दगड परत जोडता येत नाही. या पैलूंचे कोन केवळ सौंदर्यासाठी ठरलेले नाहीत. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली प्रकाशाच्या परावर्तनाचा हिशेब मांडून चांगल्या ब्रिलियंटची प्रमाणे सांगितली: वरून शिरलेला प्रकाश खालून निसटू न देता परत वर यायला हवा. ठरलेले कोन हा नियम झाला. प्रकाश परत आणणे हे त्याचे कारण. कारण माहीत असलेला रत्नकलाकार वेडावाकडा कच्चा दगड हाती आला तरी नियम कुठे वाकवायचा आणि कुठे नाही हे ठरवू शकतो.

कापडाकडे वळले की प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण इथे महाराष्ट्र आणि सुरत समोरासमोर येतात. गणित सांगते की पट्टीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या सममितीचे प्रकार फक्त ७ असतात आणि पूर्ण पृष्ठभागावर पसरणाऱ्या नक्षीचे १७. साडीचा कोणताही काठ त्या सातांपैकी एकात बसतो. नागमोडी वेलीत पान एकदा वर, एकदा खाली येते तो एक प्रकार. समोरासमोर तोंड केलेल्या मोरांची रांग हा दुसरा. साडीचे अंग बुट्ट्यांनी भरले की ते त्या सतरांपैकी एकात मोडते. ही चौकट माहीत असेल तर डिझायनर एकाच बुट्टीतून पद्धतशीरपणे वेगवेगळी अंगे मांडू शकतो आणि यंत्रावर ‘रिपीट’ जुळत नाही म्हणून होणारी कापडाची नासाडीही टाळू शकतो.

येवल्याच्या पैठणीकडे या नजरेने पाहिले पाहिजे. पैठणीतली नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी, ताणे मोजून, आडव्या धाग्यांची एकमेकांत गुंफण करून विणली जाते. म्हणूनच तिची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ असते आणि म्हणूनच मुनियेच्या चोचीची किंवा मोराच्या मानेची तिरकी रेघ बारीक पायऱ्यापायऱ्यांनी चढते. ती पायरी हे विणीच्या नियमाचे फळ आहे. यंत्रमागावर जॅकार्डने काढलेल्या ‘सेमी पैठणी’त तोच मोर, तीच मुनिया, तीच पायरीही दिसते, पण मागच्या बाजूला धागे मोकळे तरंगत असतात किंवा कापून टाकलेले असतात. तिथे चित्र उचलले गेले, नियम उचलला गेला नाही.

यंत्रमागाच्या साडीला हिणवण्याचे कारण नाही. हातमागाची पैठणी परवडत नाही अशा असंख्य घरांत लग्नकार्याचा मान त्या साडीने राखला आहे, आणि ती विणणाऱ्या हातांमध्ये जळगाव, धुळे, नंदुरबारहून सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात येऊन वसलेल्या आपल्याच माणसांचे हात आहेत. पैठणीला जर पुरवण्याचे कामही सुरतेने वर्षानुवर्षे केले आहे. आमचे म्हणणे इतकेच की यंत्रमागाचे स्वतःचे सामर्थ्य आहे आणि त्यातून त्याचे स्वतःचे व्याकरण घडू शकते. जॅकार्डवर प्रत्येक ताणा वेगळा उचलता येतो. तिरकी रेघ पायऱ्यांनी चढवण्याची त्याला गरज नाही. मग त्याने हातमागाच्या मर्यादेची नक्कल का करावी? येवल्याचा मोर येवल्याच्या नियमांनी विणला जावा आणि सुरतेचा मोर सुरतेच्या. दोघांनाही बाजारात मानाची जागा आहे.

आज बाजाराची रीत नेमकी उलटी आहे. एक नमुना चालला की थोड्याच दिवसांत त्याच्या प्रती दुकानादुकानांत लागतात. २००० सालच्या डिझाइन कायद्यात नमुन्याची नोंदणी करता येते आणि तिला १० वर्षे, पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. पण साडीचा हंगाम त्याआधीच संपून जातो आणि लहान डिझायनर त्या वाटेला सहसा जात नाही. शिवाय कायदा तयार नमुन्याला ओळखतो. हजार नमुने देणाऱ्या नियमाला नाही. आता चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. ‘पैठणीसारखा काठ दे’ म्हटले की काठ मिळतो. पण तो कोणत्या आधारावर तसा आला हे ते साधन सांगू शकत नाही, आणि त्याने ज्यांच्या कामावरून शिकून घेतले त्यांची नावेही सांगत नाही. आकार-व्याकरणाचा मोठा गुण इथे दिसतो. त्यातला प्रत्येक नमुना कोणकोणत्या नियमांनी, कोणत्या क्रमाने आला हे उलगडून दाखवता येते. जे उलगडून दाखवता येते त्याचे श्रेय देता येते, ते शिकवता येते, आणि चुकले तर दुरुस्तही करता येते.

कापडावरून इमारतीकडे गेले की हाच विचार माणसाच्या राहण्याशी आणि जिवाशी जोडला जातो. नागपूरच्या नीता लांबे आणि अल्पना डोंगरे यांनी अहमदाबादच्या पोळांतील, म्हणजे जुन्या शहरातील दाट वस्त्यांतील, घरांचे आकार-व्याकरण मांडले आहे. ओटलो (ओटा), खडकी (प्रवेशाची जागा), चोक (चौक), परसाळ (पडवी), ओरडो (खोली) असा आतआत जाणारा क्रम. अरुंद दर्शनी भाग आणि खोल घर. मध्ये आकाशाला उघडा चोक. हा क्रम केवळ रिवाज नव्हे. रस्त्यावरचा माणूस कुठपर्यंत येईल, बायका कुठे बसतील, गरम हवा कुठून निघून जाईल, याची उत्तरे त्यात आहेत. सुरतेच्या जुन्या भागातही अशी अरुंद, खोल लाकडी घरे आहेत. १८३७ च्या भीषण आगीत शहरातली हजारो घरे जळाली, त्यानंतर जे उभे राहिले त्यातलेही आता झपाट्याने पाडले जात आहे. सगळी घरे वाचवता येणार नाहीत हे उघड आहे. त्यांचे नियम मात्र वाचवता येतील, आणि नियम हाती असले तर नव्या इमारतीतही सावली, वारा आणि उंबऱ्याची मर्यादा जपता येईल. पोर्तुगालमधील एव्होरा शहरात अल्व्हारो सिझा यांनी १९७७ पासून मालागुएराची मोठी वसाहत उभारली. पुढे जुझे दुआर्ते यांनी त्या घरांचे व्याकरण लिहून दाखवले की एकाच नियमसंचातून प्रत्येक कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वेगळे घर देता येते. स्वस्त घरे म्हणजे एकाच साच्यातली घरे, ही समजूत त्यातून खोटी ठरते.

संपूर्ण शहर नियमांनी उभे करणारी साधनेही आहेत. योआव पॅरिश आणि पास्कल म्युलर यांनी २००१ मध्ये रस्ते, गट, भूखंड आणि इमारती अशा क्रमाने शहराचे प्रारूप संगणकावर घडवण्याची पद्धत मांडली. म्युलर यांच्या गटाने २००६ मध्ये इमारतींचे व्याकरण मांडून प्राचीन पाँपेईही उभे करून दाखवले. त्यातून सिटीइंजिन हे सॉफ्टवेअर आले. सुरतेला ही भाषा नवी वाटू नये. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आणि पुढे गुजरातच्या १९७६ च्या कायद्याने टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, मार्ग या भागात रुळला आहे: जमिनी एकत्र करायच्या, रस्ते काढायचे, भूखंड नव्याने आखायचे, मग प्रत्येक भूखंडावर किती उंच, किती मोकळी जागा सोडून बांधायचे ते नियमांनी ठरवायचे. हे कागदावरचे नियम संगणकाच्या प्रारूपात घातले तर नियम बदलण्याआधीच त्याचा परिणाम पाहता येतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता. तापीकाठच्या वस्तीत जोत्याची उंची इतकी वाढवली तर काय होईल, तळमजला मोकळा ठेवला तर किती घरे वर सरकतील, पाण्याला वाट कुठे मिळेल, हे प्रश्न पुराच्या दिवशी विचारण्याचे नाहीत. ते प्रारूपावर आज विचारता येतात.

व्याकरण रचना करते तसेच ती तपासतेही: समोरची रचना या नियमांतून येऊ शकते का, हे ते सांगू शकते. प्रत्येक मजल्यावरून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, जिना कशाचा आहे, वरचा मजला मंजूर आराखड्यात बसतो का, या प्रश्नांची उत्तरे यंत्र न थकता देऊ शकते. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला लागलेल्या आगीत २२ तरुण जीव गेले. बेकायदा बांधकाम आणि सुटकेच्या पुरेशा वाटेचा अभाव ही त्या दुर्घटनेची कारणे म्हणून पुढे आली. इथे स्पष्ट बोलले पाहिजे. कोणतेही सॉफ्टवेअर न दाखवलेला मजला तपासू शकत नाही. आराखड्यात जे नाही ते पाहायला माणसाचे पाय आणि प्रामाणिक डोळे लागतात. यंत्राने कागदाची तपासणी हलकी करावी आणि त्यातून वाचलेला वेळ अधिकाऱ्यांनी जिने चढून पाहण्यात घालवावा, असेच त्याचे प्रयोजन असायला हवे.

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की नियमांत बांधली की कला यांत्रिक होते. खरे तर कोणत्याही परंपरागत कलेत नियम आधीपासूनच असतात; लिहिल्याने ते जन्माला येत नाहीत. लिहिल्याने ते फक्त दिसू लागतात, आणि दिसणारा नियमच जाणीवपूर्वक मोडता येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कारागिराचे ज्ञान एकदा संगणकात गेले की कारागिराची गरज काय? ही भीती खरी आहे आणि तिला गोड शब्दांनी उत्तर देता येणार नाही. ज्याच्याकडून नियम घेतले त्याला मोबदला मिळाला नाही, त्या व्याकरणातून निघालेल्या मालावर त्याच्या कलेचे नाव राहिले नाही, तर ती नोंद म्हणजे लूट ठरेल. म्हणून नोंद करण्यापूर्वी करार व्हावा. नियम कोणाचे, ते कोण वापरू शकेल, विक्रीतला कोणता वाटा कलेकडे परत येईल, हे लेखी ठरावे. पैठणीला आणि सुरतेच्या जरीला मिळालेले भौगोलिक मानांकन हा त्यासाठी एक आधार आहे. त्याच्या कक्षेत तयार वस्तूबरोबर तिच्या रचनेचे नियमही कसे आणता येतील, याचा विचार कायदेतज्ज्ञांनी करायला हवा.

काय करता येईल, तेही सांगायला हवे. सुरतेत सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, कृत्रिम धाग्यांच्या कापडावर संशोधन करणारी ‘मंत्रा’ ही संस्था आहे, वास्तुकलेचे शिक्षण आहे. त्यांनी एकत्र येऊन पहिले काम सादेलीचे घ्यावे, कारण ती कला लहान आहे, तिचे नियम स्वच्छ आहेत आणि ती जाणणारे हात थोडे उरले आहेत. कारागीर त्या कामात माहिती देणारा म्हणून नव्हे, तर सहलेखक म्हणून असावा. दुसरे काम कापड व्यापारी संघटनांनी करावे: नक्कल कोणी केली यावर भांडण्यात जाणारी शक्ती एका सामायिक नमुना-नोंदवहीत लावावी, जिथे नमुन्याबरोबर त्याचे नियम आणि तारीख नोंदली जाईल. महाराष्ट्रात येवल्याच्या विणकरांच्या संस्थांनी पैठणीचे व्याकरण स्वतः लिहून घ्यावे. दुसऱ्याने ते लिहून नेण्याची वाट पाहू नये.

तिसरे काम शाळांचे आहे आणि आमच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. सुरत महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग आहेत. तिथे शिकणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील मागावर, छपाईच्या टेबलावर किंवा एम्ब्रॉयडरी यंत्रावर उभे असतात. या मुलांना सममिती, कोन आणि पुनरावृत्ती हे धडे घरातल्या कापडाच्या तुकड्यावरून शिकवता येतील. स्क्रॅच आणि ब्लेंडरसारखी साधने विनामूल्य मिळतात. नियम लिहून नक्षी काढण्याचा सराव त्यांवर करता येतो. ज्या मुलाने काठाचा नियम स्वतः लिहिला ते मूल उद्या मागापुढे उभे राहिले तरी केवळ यंत्र चालवणारे राहणार नाही, आणि डिझाइनच्या खोलीत बसले तर तिथे तयार चित्र चोरायला बसणार नाही.

सुरतेने आजवर वेगाने आणि मोठ्या प्रमाणावर माल काढून देशभर नाव कमावले. पुढच्या काळात वेग सर्वांकडे असेल, कारण वेग यंत्राचा असतो. टिकेल ते शहर, ज्याला आपल्या नक्षीमागचे नियम माहीत असतील, त्या नियमांची कारणे सांगता येतील आणि ते घडवणाऱ्यांची नावे घेता येतील. ज्यांच्या घरात, कारखान्यात किंवा गावात असे नियम जाणणारी वडीलधारी माणसे आहेत, त्या सर्वांना आमची विनंती आहे: त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, नियम विचारा, कारण विचारा, आणि त्याखाली त्यांचे नाव लिहा.